साक्षीची काच

"मामा, हा जांभळा नाही. निळा आहे."

शुभांगीनं हे अगदी सहज म्हटलं. बाजारात वांगं उचलून 'हे किडकं आहे' म्हणावं तसं. तिच्या चिमट्यात दोन बोटं रुंदीची काच होती आणि खिडकीच्या उजेडात ती काच इकडं तिकडं कलती करून ती बघत होती. कचरू अजून घंटेपाशीच उभा होता. घंटा म्हणजे कमरेइतकं उंच पोलादी झाकण. त्याच्या आतली हवा पंपानं ओढून घ्यायची, आत सल्फाइड तापवायचं आणि त्याची वाफ काचांवर बसवायची, हे त्याचं अठरा वर्षांचं काम. झाकण नुकतंच वर उचललं होतं आणि आतून सडक्या अंड्याचा वास आला होता, रोज येतो तसा. त्या वासाची त्याला कधी घाण वाटली नाही. उलट तो आला की काम झालं, असं अंगाला कळायचं. "आण हिकडं," तो म्हणाला. काच त्यानं उजव्या डोळ्यापुढं धरली. जांभळा. जांभळं खाऊन पोरानं जीभ बाहेर काढावी, तसा चोख जांभळा. "पोरी, चष्मा पूस जरा." "मी चष्मा लावतच नाही, मामा," ती म्हणाली आणि हसली. तोही हसला. मग तिचं हसू त्याच्या आधी थांबलं, आणि त्याचं उगाच थोडा वेळ तोंडावर राहून गेलं.

काच हातात घेऊन तो मागच्या दारानं बाहेर आला. मे महिन्याचं ऊन पत्र्यावरून उसळत होतं. समोर एमआयडीसीचा रस्ता, पलीकडच्या कारखान्याची भिंत, भिंतीला टेकून उभा असलेला टेम्पो. तो टेम्पो निळा असतो हे त्याला माहीत होतं. माहीत होतं म्हणून तो निळा दिसत होता की दिसत होता म्हणून माहीत होतं, असा प्रश्न त्याला आयुष्यात पहिल्यांदा पडला. घंटेला बघायची खिडकी असते, तळहाताएवढी. तिच्यातून आतला लखलखाट बघताना तो डावा डोळा मिटायचा आणि उजवा लावायचा, बंदुकीवाल्यासारखा. अठरा वर्षं उजवाच. आता त्यानं उलटं केलं. उजवा तळव्यानं झाकला आणि डाव्यानं काचेकडं पाहिलं. जांभळ्यातला लाल कुणीतरी पुसून घेतल्यासारखा झाला. अगदी निळा नव्हे, पण निळ्याच्या वाटेला लागलेला. पुन्हा उजवा. जांभळा. पुन्हा डावा. असं त्यानं किती वेळा केलं कुणास ठाऊक. टेम्पोवाला खिडकीतून ओरडला, "काय मामा, कुनाला डोळा मारताय भर उन्हात?" कचरूनं काच मुठीत धरली. तिची कड तळव्याला रुतली आणि ते बरं वाटलं.

जांभळा हा त्याचा रंग होता. कंपनी दाताच्या डॉक्टरांच्या दिव्यासाठी काच बनवायची. दिव्यापुढं ती काच बसवली की उजेड आरपार जातो आणि ऊब माघारी फिरते, म्हणजे आ करून बसलेल्या माणसाच्या गालाला चटका बसत नाही. काचेवर दोन तऱ्हेच्या मालांचे थर एकाआड एक द्यायचे. त्यात सल्फाइडचा थर नेमका पाहिजे. कमी झाला तरी ऊब निसटते, जास्त झाला तरी निसटते. दर थराला एक कोरी काच शेजारी ठेवायची, तिच्यावर तेवढा एकच थर बसतो. तिला साक्षीची काच म्हणत. तिच्याकडं बघत राहायचं. आधी ती दुधी होते, मग वाळल्या गवतासारखी पिवळी, मग विटकरी, आणि मग एका क्षणी जांभूळ उमटतं. उमटलं की दांडा ओढायचा, आत झाकणी मालावर पडते आणि वाफ थांबते. एक श्वास उशीर झाला तर जांभळाचं निळं होतं. थराची जाडी मोजणारं यंत्र परदेशातून येतं, ते मागवायचं मालकांच्या, कानिफनाथसाहेबांच्या, कैक वर्षं मनात होतं. पण गिऱ्हाईक आलं की ते कचरूच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचे, "आमचं यंत्र हे. ह्याला पान लागत नाही, तंबाखू लागत नाही, वीजही लागत नाही." पारनेरकडच्या खडीच्या खाणीत बारा वर्षं दगड फोडलेल्या माणसाला, ज्याचं नावच आधीची तीन भावंडं मेली म्हणून नजर लागू नये यासाठी कचरू ठेवलेलं, त्याला कुणीतरी डोळ्यासाठी नावाजत होतं. घरी गेल्यावर तो बायकोला, चांगुणाबाईला, हे सांगायचा नाही, पण त्या दिवशी जेवताना भाकरी जास्त खायचा.

कधीपासून? हा शब्द आता त्याच्या डोक्यात पंपासारखा धडधडत होता. एप्रिलात जयंतीला वस्तीत झेंडे लागले, तेव्हा त्यानं समितीच्या महेंद्रला धरलं होतं. "आरं, कापड असलं कसलं आनलं? निळा म्हनत्यात का ह्याला? धुतलेल्या चिंधीवानी दिसतंय. दुकानदारानं तुमाला फसवलं." महेंद्र म्हणाला, "काका, झेंडा कोरा करकरीत हाय. तुमीच जुनं झालाय." सगळी पोरं हसली. तो रागावून घरी आला आणि भिंतीवरच्या तसबिरीपुढं बसला. तसबिरीतला निळा कोट काळपट दिसत होता. काचेवर धूळ बसली असंल म्हणून त्यानं ती पुसली, दोनदा पुसली, आणि चांगुणाबाईवर डाफरला. त्या वेळी त्याला कळायला हवं होतं. ज्या निळ्यासाठी बापानं छप्पन साली घरातले देव धडप्यात बांधून ओढ्यात सोडले, तो निळा त्याच्या डोळ्यातून निघून चालला होता आणि तो दुकानदाराला शिव्या देत होता. पण त्याच्याही आधी? दिवाळीत लेकीनं, जयमालानं, देवळालीहून आईला लुगडं आणलं. तो म्हणाला, हिरवं बरं दिसतंय. मायलेकींनी एकमेकींकडं पाहिलं. लुगडं निळं असणार. दिवाळी. म्हणजे नोव्हेंबर. आणि राहीबाईला काढलं फेब्रुवारीत.

हे नाव मनात आलं तसा तो खाली बसला. पायरी तापली होती. राहीबाई वड्या पाडायची. सल्फाइडची पांढरी भुकटी पिंपातून यायची, पण भुकटी तशीच तापवली तर उडते, तडतडते, काचेवर ठिपके पडतात. म्हणून ती चाळायची, साच्यात भरायची, हाताच्या दाबयंत्रानं दाबायची. पेढ्याएवढी वडी व्हायची. मग वड्या भट्टीत वाळवायच्या, अगदी खडखडीत. जरा दमट राहिली की माल गेला. राहीबाई घोडेगावची, नवरा गेल्यावर नगरला आली, बोल्हेगावात खोली घेऊन राहिली. आली ती झाडायला. कचरूनंच साहेबांना सांगून तिला साच्यावर बसवलं. तिचा हात असा की शंभर वड्या पाडल्या तरी एकीची कड तुटायची नाही. ती म्हणायची, "भाऊ, ह्यो माल लई इमानदार. बर्फासारखा पाघळत न्हाई, मेनावानी वितळत न्हाई. हाय तवर हाय, आन मंग सरळ जातो उडून. मानसाला असं जमत न्हाई." कोपरापर्यंत पांढरी झालेली ती दुपारी दाराशी बसून डबा खायची, आणि कोण आलं तर म्हणायची, "या, दळन दळायचंय का?" ती गेल्यावर कोपऱ्यातलं दाबयंत्र तसंच राहिलं. त्याच्यावर आता शुभांगी पाण्याची बाटली ठेवते.

फेब्रुवारीत पुण्याच्या गिऱ्हाइकाकडून खोकी माघारी आली. काच ऊब अडवत नाही, पेशंट तक्रार करतात. साहेब दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी राहीबाईच्या डब्यातली एक वडी उचलली, ट्यूबलाइटखाली धरली, अंगठ्यानं घासली आणि म्हणाले, "कचरू, बघा. पिवळट वाटते ना?" कचरूनं बघितलं आणि तो म्हणाला, "व्हय साहेब. पिवळी हाय." "म्हणजे ओल राहिली. भट्टीत नीट वाळवली नाही." "तसंच आसंल साहेब." दाराशी राहीबाई उभी होती. ती काही बोलली नाही. साहेब म्हणाले, "रजिस्टरात लिहा. तुमच्या हातानं लिहा, तुम्हाला जास्त कळतं." आणि त्यानं लिहिलं. कसं लिहिलं तेही त्याला आठवत होतं. वाकून, जीभ दातात धरून. अक्षर त्याला त्रेचाळिसाव्या वर्षी आलं होतं. त्याआधी त्याला तीनच खुणा ओळखू यायच्या, सल्फाइडच्या पिंपावरची ZnS ही तीन इंग्रजी अक्षरं, आणि तीही त्याला अक्षरं वाटायची नाहीत, एक विळा, एक कमान, एक गांडूळ वाटायचं. मग साहेब म्हणाले की घंटेवरच्या माणसाला रजिस्टर लिहिता आलं पाहिजे. जयमाला तेव्हा चौथीत होती. तिनं पाटी काढली आणि बापाला पहिला 'क' काढायला लावला. "आप्पा, पोट इतकं मोठं नसतं त्याचं." वर्षभर तिनं त्याला मास्तरासारखं दरडावून शिकवलं. तेव्हापासून तो रजिस्टरात आकडे लिहायचा, वेळ लिहायचा, पण वाक्य असं कधी लिहिलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा लिहिलं. वडी पिवळी. माल ओला. कामगार राहीबाई. साहेबांनी गिऱ्हाइकाला फोनवर ते मोठ्यानं वाचून दाखवलं. आपलं लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्याच्या अंगावर काटा आला होता. त्याला वाटलं होतं, हेच ते. ह्यासाठीच बाप ओढ्यावर गेला होता. आणि त्याच संध्याकाळी राहीबाईनं साच्याला हात लावून नमस्कार केला आणि ती गेली.

"मामा." शुभांगी दारात येऊन उभी होती. तिच्या हातात तिची वही होती. ती बी.एस्सी. झालेली, मार्चपासून आलेली, काच तपासायला. एका बाजूला दिवा आणि दुसऱ्या बाजूला थर्मामीटर ठेवून ती प्रत्येक काच बघायची. "मामा, रागावू नका. मी आठ दिवस बघते आहे. आता तर आपण मुंबईहून तयार तुकडे आणतो, बंद बाटलीतले. ते ओले असणं शक्य नाही. तरी काच ऊब सोडतेच आहे. तेवढीच, जेवढी त्या माघारी आलेल्या खोक्यातली सोडत होती." ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली, आणि तिच्या बसण्यातच त्याला कळलं की तिला सगळं कळलं आहे. "माझ्या आजोबांना असंच झालं होतं," ती म्हणाली. "मोतीबिंदू. डोळ्यातलं भिंगच पिवळं पडतं. निळं त्यातून येतच नाही नीट. तुम्ही जांभळ्याची वाट बघता, आणि तुमच्या डोळ्यात जांभळं येईपर्यंत बाहेर निळं झालेलं असतं. ऑपरेशन करून बरं होतं, मामा." तिला वाटत होतं की ती धीर देते आहे. त्याला मात्र ऐकताना एवढंच कळत होतं की राहीबाईच्या वड्या पांढऱ्या होत्या. डोळ्यातलं पिवळं त्यानं तिच्या वडीवर सांडलं होतं. "साहेबांना सांगितलंस?" "नाही अजून. पण मामा, उद्या सकाळी मला लिहावं लागेल." "उद्या लिव," तो म्हणाला. "आजचा दिस दे मला. आर्धी रजा टाकतो."

साहेब बाहेरगावी गेले होते. रजिस्टर टेबलावर होतं. त्यानं फेब्रुवारीचं पान काढलं. निळ्या शाईनं लिहिलेलं आता त्याला राखेच्या रंगाचं दिसत होतं. पान त्यानं शिवणीपासून अलगद फाडलं, चौघडी केली आणि आतल्या खिशात ठेवलं. अठरा वर्षांत त्यानं कंपनीतून खिळा उचलला नव्हता. तारकपूर स्टँडवरून घोडेगावची गाडी मिळाली, खिडकीची जागा मिळाली, आणि मग इमामपूरच्या घाटापर्यंत त्याला काही सुचलं नाही. बाहेर उघडे डोंगर, उन्हानं पांढरे पडलेले. की पिवळे? प्रत्येक वस्तूपाशी तो आता अडत होता. शेजारच्या बाईच्या मांडीवरच्या पोराचं झबलं, कंडक्टरची पिशवी, आभाळ. आभाळ तर त्यानं अठरा वर्षांत किती वेळा बघितलं असेल, पण ते कुठल्या रंगाचं आहे हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. तो मनाशी बोलायचं ठरवत होता. राहीबाई, माजा डोळा गेला हुता. मला ठावं न्हवतं. मी पिवळं बघितलं, पिवळं बोललो. ह्या तीन वाक्यांत तो निर्दोष नव्हता, पण उभं राहायला पाय ठेवण्याइतकी जागा त्यांत होती. आंधळ्यानं धक्का दिला तर त्याला कुणी मारत नाही. उद्या साहेबांना हेच सांगायचं. जागा जाईल, जाऊ दे. राहीबाईच्या नावावरचा डाग निघेल. पांढरीच्या पुलाला गाडी थांबली, लोक चहाला उतरले, तो उतरला नाही. तो ती तीन वाक्यं घोकत राहिला, पाटीवरच्या अक्षरांसारखी.

बाजाराचा दिवस नव्हता. घोडेगावचं बाजारमैदान रिकामं पडलं होतं, नुसते खुंटे आणि दावणीच्या दोऱ्यांचे तुकडे. मैदानाच्या कडेला राहीबाईच्या भावाचं घर. ती घरामागं शेणी थापत होती. गेल्या बाजारातलं शेण आणून, भिजवून, भुसा घालून. कोपरापर्यंत हात भरले होते. शेणी एकसारख्या गोल, एकीचीही कड तुटलेली नाही. त्याला बघून ती उठली नाही. हातातली शेणी पुरती थापून झाल्यावर म्हणाली, "या भाऊ. दळन दळायचंय का?" आणि हसली. तिनं हात धुतले, घोंगडी टाकली, पाणी दिलं. चांगुणाबाईची तब्येत विचारली. जयमालाला पोर झालं का विचारलं. घंटेचं विचारलं, "आता कोन पाडतं वड्या?" "कोन न्हाई. तयार येत्यात बाटलीतून." "आसं का," ती म्हणाली, आणि तिनं पाण्याचा तांब्या बाजूला सारला. तिला परत बोलावण्याजोगी जागाच आता कंपनीत उरली नाही, हे त्याच्या ह्या क्षणी लक्षात आलं. गाडीत आलं नव्हतं.

त्यानं खिशातून पान काढलं. "हे काय?" "त्या दिसाचं लिवनं. मी लिवलेलं." राहीबाईला वाचता येत नव्हतं. ती कागदाकडं पाहत राहिली, बाजारात जनावराकडं बघतात तशी, बाजूनं. "वाचा," ती म्हणाली. त्यानं वाचलं. वडी पिवळी. माल ओला. कामगार राहीबाई. "आनखी एकडाव." त्यानं पुन्हा वाचलं. "माजं नाव कुटं हाय?" त्यानं बोट ठेवलं. तिनं त्या अक्षरांवरून आपलं बोट फिरवलं, ओलं होतं, शाई जरा पसरली. "आजपावतर माजं नाव कुनी लिवलं न्हवतं कुटं. मतदानाच्या यादीतबी दुसरंच हाय," ती म्हणाली. तिच्या आवाजात कडू काहीच नव्हतं आणि तेच त्याला सोसवेना. मग त्यानं घोकलेलं सगळं सांगून टाकलं. शुभांगी, काच, उजवा डोळा, डावा डोळा, पिवळं पडलेलं भिंग. "तुज्या वड्या पांढऱ्या हुत्या, राहीबाई. माजा डोळा पिवळा हुता. मी पिवळं बघितलं, पिवळं बोललो. मला ठावं न्हवतं."

"मला ठावं हुतं वड्या पांढऱ्या व्हत्या ते," ती म्हणाली. "माज्याच हातच्या." "मंग तवा बोललीस का न्हाई?" तिनं त्याच्याकडं पाहिलं. "तुमी बोलल्यावर? तुमच्या डोळ्याफुडं साहेब सोताचा डोळा मानीत न्हवता. मी झाडनारी बाई." तो म्हणाला, "ह्या कागदावरच लिवतो. आत्ता. खाली सही करतो. उद्या साहेबाच्या हातात दीतो. तुजं नाव साफ होईल." त्यानं पेन काढलं, टोपण काढलं, कागद मांडीवर पसरला. "थांबा," राहीबाई म्हणाली आणि आत गेली. आतून डबे हलवल्याचा आवाज आला. ती आली तेव्हा तिच्या तळहातावर एक वडी होती, सल्फाइडची. "त्या दिशी पदराला बांधून आनली हुती. चोरीच म्हना. म्हनलं, ही तरी माज्यापाशी ऱ्हाऊ दे. आता बगा, अन् सांगा. कशी हाय?"

त्यानं वडी हातात घेतली. हलकी, गुळगुळीत, कड शाबूत. आधी उजव्या डोळ्यानं पाहिली. पिवळी. मग डाव्यानं. जराशी कमी, पण पिवळीच, हळदीच्या हाताचा डाग लागल्यासारखी. त्याच्या मनानं भराभर हिशेब केला. उजवा खोटा. डावाही थोडा खोटा. वडी हिच्या हातची, ही म्हणते पांढरी. शुभांगीही म्हणाली, डोळ्यातून निळं येत नाही म्हणून सगळं पिवळं दिसतं. म्हणजे पिवळी दिसते ती पांढरीच असणार. ह्यावेळी चूक करायची नाही. राहीबाई त्याच्या तोंडाकडं पाहत होती. तिला काय ऐकायचं आहे ते त्याला ठाऊक होतं, आणि ते द्यायलाच तर तो इतक्या लांब आला होता. "पांढरी," तो म्हणाला. "दुधावानी पांढरी हाय, राहीबाई."

"न्हाई, भाऊ," ती म्हणाली. "ही पिवळीच हाय. चुलीवरच्या फळीवर ठिवली हुती, तीन म्हैने धूर खाल्ला तिनं. भावजय म्हनती, पिवळी धमक झाली, टाकून दे." घराच्या पुढून एस्.टी. गेली, धुरळा मागपर्यंत आला आणि घोंगडीवर बसला. राहीबाईनं विचारलं, "तुमाला काय दिसली हुती?" त्यानं वडी घोंगडीवर ठेवली. "खरं सांगा, कचरूभाऊ. आता काय माजं जायचं ऱ्हायलं न्हाई." "पिवळी," तो म्हणाला. "मंग पांढरी का म्हनला?"

त्याच्याकडं उत्तर होतं. ते तोंडापर्यंत आलंही होतं. मी पांढरी म्हणावं असं तुला वाटत होतं म्हणून. पण ते शब्द जिभेवर आल्याबरोबर त्याला दुसरंच काही ऐकू आलं. ट्यूबलाइटची किरकिर. साहेबांचा आवाज. पिवळट वाटते ना? राहीबाई त्याला रागानं बघत नव्हती. ती उठली, कडेच्या घमेल्यातलं शेण हातात घेतलं, त्याचा गोळा केला आणि भिंतीपाशी जाऊन बसली. पाठमोरीच म्हणाली, "तवाबी असंच झालं आसंल." थापण्याचा आवाज सुरू झाला. एक. दोन. सारखा, मोजून घेतलेल्या श्वासासारखा.

कागद त्याच्या मांडीवर पसरलेला होता. पेनाचं टोपण घोंगडीवर कुठंतरी घरंगळलं होतं. त्यानं लिहायचं वाक्य मनात आणलं, माझा डोळा पिवळा झाला होता, आणि कागदावर निब टेकवलं. निब टेकलं तिथं एक ठिपका पडला आणि वाढत गेला. त्यानं डोळे मिटले आणि त्या फेब्रुवारीत मागं गेला. त्याला फक्त एक क्षण हवा होता, साहेबांनी तोंड उघडण्याच्या आधीचा, जेव्हा वडी नुसती वडी होती आणि ती कशी आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. सगळं दिसलं. ट्यूबलाइटची काळी पडलेली टोकं दिसली. साहेबांच्या अंगठ्याचं नख दिसलं, त्याच्या कडेला लागलेली भुकटी दिसली. दाराशी उभी राहीबाई दिसली, कोपरापर्यंत पांढरी. स्वतःची मान दिसली, बघायच्या आधीच होकाराला वाकायला लागलेली. तिथं मध्ये, साहेबांच्या बोटांत, वडीही होती. तो तिच्याकडं बघत राहिला, उजव्यानं, डाव्यानं, दोन्ही डोळ्यांनी. वडी होती. तिला रंगच नव्हता.